पायथनमध्ये मजकुराची पुनरावृत्ती: तारका चिन्हाचा नेमका वापर

एखादा शब्द, एखादे चिन्ह किंवा एखादी ओळ अनेकदा लागोपाठ हवी असेल, तर पायथन या भाषेत त्यासाठी वेगळे फंक्शन शोधावे लागत नाही. संख्यांच्या गुणाकारासाठी जी तारका (*) वापरली जाते, तीच मजकुरालाही लावता येते. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही भाषा आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रातही शिकवली जाते आणि तिच्या पहिल्या काही तासांतच ही तारका विद्यार्थ्यासमोर येते. बहुतेक ठिकाणी मात्र तिची ओळख दोन ओळींत उरकली जाते. मराठी मजकुरावर ती चालवली की काय घडते, हे तर क्वचितच सांगितले जाते.

हा लेख पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी, म्हणजे डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या ३.० आणि तिच्यापुढील आवृत्त्यांसाठी आहे. या आवृत्तीपासून मजकूर मुळातच युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साठवला जातो आणि चलांची, म्हणजे किमती साठवणाऱ्या जागांची, नावेही देवनागरीत देता येतात. त्यामुळे पुढील सर्व उदाहरणे एकही रोमन अक्षर न वापरता, पायथनच्या संवादी खिडकीत तीन कोनी खुणांपुढे जशीच्या तशी टंकून पाहता येतील. भाषेतील तयार फंक्शनांची नावे मात्र रोमन लिपीतच टंकावी लागतात; ती येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. पायथनसोबत मिळणारी आयडल ही खिडकी या कामासाठी पुरेशी आहे. काही जुन्या काळ्या खिडक्यांत जोडाक्षरे फुटलेली दिसतात. तेथे मजकूर बरोबरच असतो, फक्त तो दाखवण्यात गफलत झालेली असते.

मूळ रचना

अवतरणचिन्हांत मजकूर लिहावा, त्यापुढे तारका द्यावी आणि मग पूर्णांक लिहावा, एवढीच मूळ रचना आहे.

>>> "हळू" * 2
'हळूहळू'
>>> 3 * "टप "
'टप टप टप '

दुसऱ्या उदाहरणावरून दोन गोष्टी लक्षात येतात. संख्या आधी लिहिली तरी पायथनला चालते. तरीही मजकूर आधी आणि संख्या नंतर हाच क्रम ठेवावा असे माझे मत आहे, कारण वाचणाऱ्याला 'काय' आणि 'किती वेळा' हे त्याच क्रमाने कळलेले सोपे जाते. दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. पायथन दोन प्रतींच्या मध्ये स्वतःहून काहीही घालत नाही. जागा हवी असेल तर ती अवतरणचिन्हांच्या आतच द्यावी लागते, आणि ती शेवटच्या प्रतीनंतरही उरते. ही उरलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, पण दोन मजकूर सारखे आहेत का हे तपासताना ती हमखास आडवी येते.

मराठीत टंकणाऱ्यांना पहिला अडथळा बहुधा कळफलकाचा येतो. इन्स्क्रिप्ट आराखड्यात शिफ्ट दाबून आठची कळ दाबली तर तारका न उमटता 'श्र' उमटतो, म्हणून तारकेसाठी इंग्रजी कळफलकाकडे वळावे किंवा उजवीकडील अंकांच्या गटातील कळ वापरावी. काही कळफलकांवरून अंकही देवनागरी उमटतात, आणि प्रोग्रामच्या ओळीत संख्या म्हणून लिहिलेला देवनागरी अंक पायथन स्वीकारत नाही. तेथे सिंटॅक्सएरर, म्हणजे ओळीची रचना चुकल्याचा संदेश, येतो. तिसरी अडचण अवतरणचिन्हांची आहे. फोनवरून किंवा लेखनाच्या सॉफ्टवेअरमधून उतरवलेल्या ओळीत चिन्हे वळणदार असतात, तर पायथनला सरळ उभी चिन्हेच लागतात. उदाहरण अक्षरशः बरोबर उतरवूनही चालत नसेल, तर या तीन जागा आधी तपासाव्यात.

संख्या शून्य असली तर रिकामा मजकूर मिळतो. ऋण असली तरीही रिकामाच मजकूर मिळतो, चूक दाखवली जात नाही.

>>> "पुणे " * 0
''
>>> "पुणे " * -4
''

ही सोय की गैरसोय, हे प्रसंगावर अवलंबून आहे. पुढे येणाऱ्या भरणीच्या, म्हणजे रकान्यातील उरलेली जागा भरण्याच्या, कामात ती फार उपयोगी पडते, कारण उरलेली जागा मोजताना उत्तर ऋण आले तरी प्रोग्राम मध्येच थांबत नाही. पण हिशेबात चूक होऊन संख्या ऋण झाली असेल, तर ती चूकही तितक्याच शांतपणे झाकली जाते.

अपूर्णांक मात्र चालत नाही. "पुणे " * 2.0 असे लिहिले, तर दोन पूर्ण असूनही, केवळ ती संख्या दशांशरूपात लिहिली आहे म्हणून टाइपएरर, म्हणजे माहितीचा प्रकार जुळत नसल्याचा संदेश, येतो. भागाकारातून आलेली संख्या वापरताना हे ध्यानात ठेवावे: पायथनमध्ये एका तिरप्या रेघेचा भागाकार नेहमी दशांशरूपातच उत्तर देतो आणि पूर्णांक हवा असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात.

>>> "-" * (20 // 2)
'----------'

संख्या आणि संख्येसारखा दिसणारा मजकूर

अवतरणचिन्हांतील अंक ही संख्या नसते, तो मजकूर असतो. म्हणून एकाच तारकेची ही दोन उत्तरे येतात.

>>> 25 * 3
75
>>> "25" * 3
'252525'

हा फरक पुस्तकात सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात गोंधळ होतो तो वापरणाऱ्याकडून माहिती घेताना. इनपुट हे फंक्शन जे काही परत देते ते नेहमी मजकूरच असते, समोरच्याने अंक टंकले असले तरीही. वस्तूंची संख्या विचारून तिला किमतीने गुणणाऱ्या प्रोग्रामने ७५ रुपयांऐवजी २५२५२५ असे बिल दाखवले, तर कारण हेच असते, आणि यात वाईट गोष्ट अशी की पायथन येथे कोणतीही तक्रार करत नाही. मजकुराची पुनरावृत्ती हा वैध व्यवहारच आहे. दोन्ही बाजूंना मजकूर असेल, म्हणजे "25" * "3" असे झाले, तर मात्र टाइपएरर येतो.

उपाय म्हणजे मिळालेला मजकूर इंट या फंक्शनमधून पूर्णांकात बदलून घेणे. येथे मराठी वापरणाऱ्यांसाठी एक सुखद गोष्ट आहे. प्रोग्रामच्या ओळीत देवनागरी अंक चालत नसले, तरी इंट हे फंक्शन मजकूररूपातील देवनागरी अंक नीट वाचते: कोणी "१२" असे टंकले तरी त्याची बारा ही संख्या तयार होते. त्यामुळे मराठीत चालणारा प्रोग्राम लिहिताना वापरणाऱ्यांवर इंग्रजी अंकांची सक्ती करण्याचे कारण नाही.

क्रम आणि कंस

तारका आणि अधिक चिन्ह एकाच ओळीत आले की गणितातला नियम लागू होतो: आधी तारका, मग अधिक.

>>> "हर " * 2 + "महादेव"
'हर हर महादेव'
>>> ("हर " + "महादेव ") * 2
'हर महादेव हर महादेव '

पहिल्या ओळीत फक्त 'हर' दुप्पट झाला, कारण तारका त्यालाच चिकटून आहे. दुसऱ्या ओळीत कंसामुळे आधी जोड झाली आणि मग सगळ्याची पुनरावृत्ती झाली. ही गोष्ट बहुतेकांना लवकर उमगते. तिच्या शेजारची एक गोष्ट मात्र अनुभवी लोकांनाही चकवते. पायथनमध्ये अवतरणचिन्हांतले दोन तुकडे मध्ये कोणतेही चिन्ह न देता शेजारी ठेवले तरी जोडले जातात, आणि ही जोडणी प्रोग्राम वाचतानाच, म्हणजे तारकेच्या आधी होते.

>>> "हर " "महादेव " * 2
'हर महादेव हर महादेव '

अधिक चिन्ह देऊन लिहिले असते तर उत्तर वेगळे आले असते. लांब ओळ मोडून लिहिण्यासाठी ही सोय उपयोगी असली, तरी तारका असलेल्या ओळीत ती वापरू नये. कंस आणि अधिक चिन्ह यांनी हेतू स्पष्ट राहतो.

मजकुराला थेट संख्या जोडता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. "एकूण " + 5 असे लिहिल्यास टाइपएरर येतो. संख्येला आधी एसटीआर या फंक्शनने मजकूर करून घ्यावे लागते. तारकेला संख्या हवी असते आणि अधिक चिन्हाला मजकूर, हा फरक हाताला बसेपर्यंत अशा चुका होत राहतात.

दोन प्रतींच्या मध्ये स्वल्पविराम

प्रत्येक प्रतीनंतर स्वल्पविराम हवा, पण शेवटी नको, अशी गरज वारंवार पडते. शब्दालाच स्वल्पविराम जोडून पुनरावृत्ती केली, तर शेवटचा स्वल्पविराम आणि जागा उरतात. ती दोन चिन्हे कापून टाकता येतात.

>>> शब्द = "विठ्ठल"
>>> ((शब्द + ", ") * 3)[:-2]
'विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल'

बाहेरचा कंस येथे आवश्यक आहे, कारण चौकटी कंस तारकेपेक्षा घट्ट बांधतात. तो कंस वगळला तर कापण्याची क्रिया मजकुरावर न होता तीन या संख्येवर होऊ पाहते आणि चूक येते. दुसरी रीत म्हणजे एक प्रत कमी काढून शेवटची प्रत स्वल्पविरामाविना जोडणे.

>>> वेळा = 3
>>> (शब्द + ", ") * (वेळा - 1) + शब्द
'विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल'

ही रीत दिसायला नीटस असली तरी तिच्यात एक छिद्र आहे. वेळा शून्य असेल तर कंसातील संख्या उणे एक होते, त्या भागाचा रिकामा मजकूर मिळतो, आणि शेवटी जोडलेला एक शब्द तरीही उमटतो; शून्य प्रती मागितल्या असताना एक मिळते. कापण्याची रीत शून्यालाही बरोबर रिकामा मजकूर देते. सर्वांत भक्कम रीत मात्र जॉइन या पद्धतीची आहे: मध्ये घालायचे चिन्ह आधी लिहावे, त्यापुढे टिंब देऊन जॉइन लिहावे आणि कंसात [शब्द] * वेळा अशी यादी द्यावी. चौकटी कंसातील यादीलाही तारका लागू पडते, आणि जॉइन त्या यादीतील दोन घटकांच्या मध्येच चिन्ह घालते. कायमस्वरूपी ठेवायच्या प्रोग्राममध्ये मी हीच रीत सुचवीन.

रेघा, किनारी आणि आकार

तारकेचा सर्वाधिक वापर होतो तो शीर्षकाखाली रेघ ओढण्यासाठी. "-" * 40 असे लिहिले की चाळीस चिन्हांची रेघ तयार होते, आणि तिची लांबी पुढे बदलायची झाली तर एकच आकडा बदलावा लागतो. दोन चिन्हांची नक्षी एका ठरावीक लांबीत बसवायची असेल, तर ती गरजेपेक्षा थोडी अधिक काढून कापावी.

>>> ("-=" * 6)[:11]
'-=-=-=-=-=-'

विषम लांबी घेतल्यामुळे नक्षी दोन्ही टोकांना सारख्याच चिन्हाने संपते.

ताऱ्यांचा त्रिकोण हा विद्यार्थ्यांना हमखास दिला जाणारा स्वाध्याय आहे. पाच ओळींच्या त्रिकोणात ओळीचा क्रमांक क असेल, तर डावीकडे पाच वजा क इतक्या मोकळ्या जागा आणि त्यानंतर क च्या दुपटीतून एक वजा केल्यावर उरतात तितके तारे लागतात.

>>> क = 3
>>> " " * (5 - क) + "*" * (2 * क - 1)
'  *****'

क ला एकपासून पाचपर्यंत किमती देत हीच ओळ फॉर या आवर्तनात, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत, ठेवली आणि प्रिंटने छापली की त्रिकोण पूर्ण होतो. येथे तारका आणि आवर्तन यांची कामे कशी वेगळी आहेत तेही दिसते. ओळीच्या आत तेच चिन्ह पुन्हा पुन्हा येते, म्हणून तेथे तारका. ओळीगणिक संख्या बदलते, म्हणून तेथे आवर्तन. नेमके तेच हवे असताना आवर्तन लिहिणे अनावश्यक आहे, आणि प्रत्येक प्रतीत थोडा बदल हवा असताना तारकेवर अडून बसणे निरर्थक आहे.

तुलनेचे उत्तरही तारकेपुढे ठेवता येते, कारण पायथनमध्ये खरे म्हणजे एक आणि खोटे म्हणजे शून्य असे मोजले जाते.

>>> गुण = 93
>>> "उत्तीर्ण" + "!" * (गुण > 90)
'उत्तीर्ण!'

क्लृप्ती चलाख आहे, पण सहा महिन्यांनी ती वाचणाऱ्याला क्षणभर थांबावे लागते. साधी इफची अट लिहावी.

देवनागरीची खरी अडचण

किमतींच्या यादीत पदार्थाचे नाव डावीकडे, मग ठिपक्यांची ओळ आणि उजवीकडे किंमत, अशी मांडणी करायची असेल, तर नावाची लांबी लेन या फंक्शनने मोजून ती वीसमधून वजा करावी आणि उरतील तितके ठिपके तारकेने काढावेत, असे कोणत्याही पाठात सांगितलेले असते. इंग्रजी नावांसाठी ते बरोबर आहे. मराठी नावांसाठी यादी वेडीवाकडी येते, आणि नवशिक्याला वाटते की आपलेच गणित चुकले.

कारण असे की लेन अक्षरे मोजत नाही, युनिकोडची चिन्हे मोजते, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाचे चिन्ह स्वतंत्र आहे. 'वडापाव', 'थालीपीठ' आणि 'कोथिंबीर' हे तिन्ही शब्द वाचताना चार अक्षरांचे आहेत. लेन मात्र त्यांची लांबी अनुक्रमे ६, ७ आणि ८ सांगते. म्हणून वीसच्या रकान्यात त्यांच्यापुढे १४, १३ आणि १२ ठिपके पडतात. 'कोथिंबीर'मधील अनुस्वार डोक्यावर बसतो, आडवी जागा घेत नाही, तरीही त्याच्यासाठी एक ठिपका कापला गेलेला असतो. एलजस्ट आणि आरजस्ट या भरणीच्या तयार पद्धतीही अशाच मोजतात, त्यामुळे त्यांच्याकडे वळूनही सुटका होत नाही.

आडवी जागा न घेणारी चिन्हे वगळून मोजण्याचा मार्ग आहे. युनिकोडडेटा या सोबत येणाऱ्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारता येतो. उकार, एका मात्रेचा एकार, अनुस्वार आणि हलन्त ही एका वर्गात येतात, तर काना, वेलांटी आणि ओकार दुसऱ्या वर्गात. पहिला वर्ग वगळला की हिशेब बराच सुधारतो. पण जोडाक्षर किती रुंद दिसेल हे शेवटी फॉन्टच ठरवतो, म्हणून पूर्ण जुळणी या मार्गानेही मिळत नाही. माझ्या मते व्यवहारात सर्वांत सोपी तोड मांडणी उलट करण्याची आहे: किंमत आधी आणि नाव नंतर लिहावे. अंकांना मात्रा नसतात, त्यामुळे त्यांच्या डावीकडची भरणी तारकेने अचूक होते, आणि नाव ओळीच्या शेवटी आल्यामुळे त्याची लांबी कोणालाच अडवत नाही.

याच रचनेमुळे पुनरावृत्तीत आणखी एक गंमत घडते. तुकड्याच्या शेवटी हलन्त असेल, तर तो पुढच्या प्रतीच्या पहिल्या अक्षराला जोडला जातो.

>>> "क्" * 3
'क्क्क्'

पायथनने काहीही बदललेले नाही. चिन्हे ठेवली तशीच आहेत, पडद्यावर त्यांचे जोडाक्षर झाले आहे. संवादात ओढून उच्चारलेला स्वर दाखवताना याची उलट बाजू समोर येते. सुटी मात्रा किंवा सुटा काना पुन्हा पुन्हा लावला तर पहिल्यानंतरच्या चिन्हांना आधाराचे अक्षर उरत नाही आणि अनेक फॉन्ट तेथे ठिपक्यांची वर्तुळे दाखवतात. त्यासाठी पूर्ण स्वर वापरावा.

>>> "अरे" + "ए" * 4
'अरेएएएए'

किती मोठी पुनरावृत्ती चालते

आवर्तनात एकेक प्रत जोडत जाण्यापेक्षा तारका जलद आहे, कारण ती लागणारी सगळी जागा एकदाच मागून घेते. पण ती जागा खरोखर लागते. पायथनच्या सर्वसाधारण अंमलबजावणीत, ३.३ आवृत्तीपासून, केवळ इंग्रजी अक्षरांच्या मजकुराला दर चिन्हामागे एक बाइट लागतो, देवनागरी असेल तर दोन, आणि त्यात एखादे इमोजी आले तर त्या संपूर्ण मजकुराला दर चिन्हामागे चार. म्हणजे 'क' दहा कोटी वेळा काढला तर सुमारे २०० मेगाबाइट स्मृती भरते. ३.६ पासून संख्येत अधोरेषा देता येते आणि ती कोणत्याही दोन अंकांच्या मध्ये देता येत असल्याने लाख-कोटींची आपली मांडणीही चालते.

>>> मोठा = "क" * 10_00_00_000

असा मजकूर चलात ठेवावा. नुसता खिडकीत उमटवू नये, नाहीतर खिडकी बराच वेळ गोठते. स्मृतीत न मावणारी संख्या दिली तर मेमरीएरर येतो, आणि ती फारच अवाढव्य असली तर ओव्हरफ्लोएरर.

यादी पुनरावृत्त करताना

यादीलाही तारका लागते हे वर आलेच आहे. मजकुराच्या यादीबाबत काळजीचे कारण नाही, कारण तयार झालेला मजकूर पायथनमध्ये जागच्या जागी बदलता येत नाही. यादीच्या आत यादी असेल तेव्हा मात्र तारका आतल्या यादीच्या नव्या प्रती करत नाही, त्याच एका यादीचा पुन्हा पुन्हा निर्देश करते. फुलीगोळ्याचा पट असा तयार केला तर पुढील प्रकार घडतो.

>>> पट = [["."] * 3] * 3
>>> पट[0][0] = "फ"
>>> पट
[['फ', '.', '.'], ['फ', '.', '.'], ['फ', '.', '.']]

एकाच घरात फुली मारली आणि ती तिन्ही ओळींत उमटली. आतील तारका निर्धोक आहे, कारण ती मजकुराच्या यादीची आहे. दोष बाहेरच्या तारकेचा आहे. तीन ओळींसाठी त्या वेगवेगळ्या लिहाव्यात.

>>> पट = [["."] * 3, ["."] * 3, ["."] * 3]
>>> पट[0][0] = "फ"
>>> पट
[['फ', '.', '.'], ['.', '.', '.'], ['.', '.', '.']]

ओळी जास्त असतील तर चौकटी कंसातच फॉरचे आवर्तन लिहून प्रत्येक ओळ नव्याने तयार करून घ्यावी.